पिवळा बावटा आणि पंचांचा निवाडा

खेळ कोणताही असो, त्यात तीन पक्ष असायचेच. एक खेळणाऱ्यांचा, दुसरा पाहणाऱ्यांचा आणि तिसरा निवाडा देणाऱ्यांचा. पहिल्या पक्षाला हारतुरे मिळतात, दुसऱ्याची करमणूक होते. आणि तिसऱ्याच्या पदरात काय पडते? बहुधा शिव्या. आपल्याकडे ‘पंचामुखी परमेश्वर’ अशी म्हण आहे खरी. पण ती ज्याने काढली तो गृहस्थ मैदानावर सामना पाहायला कधी गेला नसावा!

पंचांवर रागावण्याचा हक्क जगातले सगळेच प्रेक्षक बजावतात. परंतु अमेरिकेत ‘स्टॉक कार’ नावाच्या मोटारशर्यतींचे जे लक्षावधी शौकीन आहेत, त्यांचा राग जरा निराळ्या जातीचा आहे. पंचांनी चूक केली एवढेच त्यांचे गाऱ्हाणे नाही. चूक माणसाकडून व्हायचीच, हे त्यांनाही समजते. त्यांचे म्हणणे असे की, एकच कृत्य आज गुन्हा ठरते आणि उद्या ठरत नाही. एकाला जी शिक्षा होते ती दुसऱ्याला होत नाही. आपल्या घरगुती भाषेत सांगायचे तर, ‘आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे’ अशा न्यायाने पंच वागतात, हा त्यांचा आरोप आहे. तो कितपत खरा, आणि खरा असेल तर त्याचे मूळ कशात, हे पाहण्यासारखे आहे. मोटारी अमेरिकेतल्या असल्या तरी प्रश्न न्यायाचा आहे. आणि तो आपल्याला परका नाही.

वाडा त्यांचा, पंगतही त्यांचीच

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात विकत मिळणारी साधी मोटार. आज हे साधेपण नावालाच उरले आहे. आतली प्रत्येक वस्तू शर्यतीसाठीच घडवलेली असते. पण आरंभी तसे नव्हते. अमेरिकेच्या दक्षिण भागात, डोंगराळ मुलखात, चोरून गाळलेली दारू रातोरात शहरात पोहोचवणारी धाडसी पोरे होती. पोलिसांच्या गाडीला हुलकावणी द्यायची तर आपली गाडी दिसायला साधी पण पळायला तेज हवी. हीच पोरे रविवारी मातीच्या वाटांवर एकमेकांशी चुरस लावू लागली आणि त्यातून हा खेळ वाढला.

या विस्कळित खेळाला शिस्त लावली ती बिल फ्रान्स नावाच्या माणसाने. १९४७ च्या डिसेंबरात फ्लॉरिडातील डेटोना बीच येथल्या स्ट्रीमलाइन हॉटेलात त्याने गाडीवान, मालक आणि मेकॅनिक यांची बैठक भरवली. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ‘नॅस्कार’ ही संस्था रीतसर जन्माला आली. सर्वांना एकच नियम आणि सर्वांवर एकच हुकूम, ही या संस्थेमागची कल्पना होती.

गंमत अशी की, तिच्या मुख्य मालिकेतली पहिलीच शर्यत निवाड्यावरून गाजली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे ग्लेन डनवे पहिला आला. मागाहून गाडी तपासली, तेव्हा तिच्या मागच्या स्प्रिंगा दारू वाहणाऱ्यांच्या युक्तीने पसरवलेल्या आढळल्या. डनवे बाद झाला आणि कॅन्सासहून आलेला जिम रोपर विजयी ठरला. डनवेच्या गाडीच्या मालकाने दहा हजार डॉलरांची फिर्याद लावली. कोर्टाने ती काढून टाकली. संस्थेचे नियम संस्थेने चालवावेत, असा त्याचा सरळ अर्थ.

तेव्हापासून नॅस्कारचा हात कायम वर राहिला. ही संस्था म्हणजे लोकांनी निवडलेले मंडळ नव्हे. ती फ्रान्स घराण्याची खासगी कंपनी म्हणून वाढली. पुढे २०१९ साली शर्यतीच्या अनेक मोठ्या धावपट्ट्यांची मालकी असलेली त्याच घराण्याची दुसरी कंपनीही तिच्यात विलीन झाली. नियम करणारे तेच, गाड्या तपासणारे तेच, दंड ठोठावणारे तेच, आणि तिकिटांच्या विक्रीची काळजी वाहणारेही तेच! वाडा त्यांचा, पंगत त्यांची, वाढपी त्यांचे. आणि आमटीत मीठ बरोबर आहे की नाही हेही त्यांनीच सांगायचे. जेवणाऱ्यांच्या मनात शंका यायला याहून जास्त काय हवे?

बावट्यांची भाषा

ही शंका सर्वांत जास्त फडफडते ती पिवळ्या बावट्याबरोबर. आगगाडीच्या गार्डाप्रमाणे या शर्यतीतही बावट्यांची भाषा असते. हिरवा बावटा म्हणजे पळा. लाल म्हणजे थांबा. पांढरा म्हणजे शेवटची फेरी. काळ्यापांढऱ्या चौकटींचा म्हणजे शर्यत संपली. आणि पिवळा म्हणजे धोका आहे, वेग कमी करा, पुढे जाण्याची धडपड थांबवा.

वाचकांना वाटेल, यात भांडण्यासारखे काय आहे? आहे. पिवळा बावटा लागला की पुढे चाललेल्या एका अधिकृत गाडीमागे सगळ्या गाड्या हळूहळू एका रांगेत गोळा होतात. एखाद्या पठ्ठ्याने शंभर फेऱ्या जिवाचे रान करून पंधरा सेकंदांची आघाडी मिळवलेली असते. ती क्षणात शून्य होते. त्याच्या पाठोपाठ दुसरा, दुसऱ्याला खेटून तिसरा, आणि पुन्हा हिरवा बावटा! पाहणाऱ्यांची चंगळ होते, पण आघाडीवरच्याचा घास तोंडातून निघून जातो. धावपट्टीवर ‘कसला तरी तुकडा पडला आहे’ या कारणासाठी जेव्हा पिवळा बावटा लागे आणि तो तुकडा कोणालाच दिसत नसे, तेव्हा लोक म्हणू लागले की शर्यत रंगतदार व्हावी म्हणून ही सोय केली आहे. २००७ साली तर टोनी स्ट्युअर्ट या नामांकित गाडीवानानेच असल्या बावट्यांवरून नॅस्कारची तुलना ठरवून केलेल्या नकली कुस्त्यांशी केली. घरचाच माणूस असे बोलल्यावर बाहेरच्यांनी काय बोलावे?

शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत अपघात झाला तर काय करायचे, हा दुसरा झगडा. लाल बावटा दाखवून सगळ्यांना थांबवावे, रस्ता साफ करावा आणि खरी शर्यत पुरी करावी. की पिवळ्या बावट्याखाली मिरवणुकीसारख्या गाड्या फिरवून जो पुढे असेल त्याला विजयी ठरवावे? २००२ च्या फेब्रुवारीत डेटोनाला लाल बावटा दाखवला. त्याच वर्षी जुलैत, त्याच धावपट्टीवर, दाखवला नाही. प्रेक्षकांनी बसायच्या गाद्या उचलून खाली फेकल्या.

पुढे २५ एप्रिल २००४ रोजी ॲलाबामातील टॅलडेगा येथे कळसच झाला. अवघ्या चार फेऱ्या उरल्या असताना पिवळा बावटा लागला. त्या क्षणी जेफ गॉर्डन आणि धाकटा डेल अर्नहार्ट यांच्यात पुढे कोण, यावरून वाद झाला. पंचांनी चित्रफीत पाहून गॉर्डनच्या बाजूने कौल दिला आणि शर्यत पिवळ्याखालीच संपवली. टॅलडेगा म्हणजे अर्नहार्टांचे माहेरघर. थोरला डेल तेथे दहा वेळा जिंकलेला, आणि २००१ मध्ये डेटोनाच्या शेवटच्या फेरीत त्याचा प्राण गेलेला. त्याच्या मुलाचा विजय असा गेलेला पाहून प्रेक्षकांनी धावपट्टीवर बिअरच्या डब्यांचा वर्षाव केला. त्याच उन्हाळ्यात नॅस्कारने नियम बदलला आणि शर्यत लांबवून हिरव्या बावट्याखाली शेवट करण्याची सोय केली. लोकांनी त्यातून कोणता धडा घेतला असेल? अर्जापेक्षा डबे लवकर पोहोचतात, हा! पंचांच्या दृष्टीने याहून वाईट धडा नाही.

नियम झाला तरी नजर सारखी झाली नाही. २००७ च्या डेटोना शर्यतीत, शेवटच्या फेरीत, अंतिम रेषा दिसत असताना मागे गाड्यांचा खच पडला. क्लिंट बॉयरची गाडी तर पेटलेली, उलटी होऊन टपावर घसरत रेषेपार गेली. पण पिवळा बावटा वेळेत लागला नाही. केव्हिन हार्विकने ४८ वर्षांच्या मार्क मार्टिनला सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याने हरवले. बावटा दोन क्षण आधी लागता तर? मार्टिन पुढे कधीही ती शर्यत जिंकू शकला नाही. २०२४ मध्ये त्याच डेटोनाला शेवटच्या फेरीच्या आरंभीच अपघात झाला आणि या वेळी पिवळा बावटा लागला. त्या क्षणी पुढे असलेला विल्यम बायरन विजयी ठरला. दोन्ही निर्णयांचे समर्थन करता येईल. पण दोन्ही निर्णय एकाच सूत्राने समजावता येतील का, हे शौकीन विचारतो.

एका रेघेचे तीन निवाडे

डेटोना आणि टॅलडेगा येथे धावपट्टीच्या आतल्या कडेला एक पिवळी रेघ आखलेली असते. या रेघेच्या आत उतरून कोणाला मागे टाकायचे नाही, असा नियम. ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने, एकमेकांना जवळजवळ चिकटून पळणाऱ्या गाड्यांच्या दृष्टीने तो शहाणपणाचाच आहे. आता त्याचे तीन निवाडे पाहा.

२००३ मध्ये टॅलडेगाला मॅट केन्सेथला मागे टाकताना धाकट्या अर्नहार्टची गाडी रेघेच्या आत गेली. पंचांनी ते चालवून घेतले, आणि अर्नहार्ट तेथे लागोपाठ चौथ्यांदा जिंकला.

२००८ मध्ये तेथेच, शेवटच्या सरळ पट्टीवर, रीगन स्मिथ या नवशिक्या पोराने टोनी स्ट्युअर्टला रेघेच्या आतून मागे टाकून अंतिम रेषा आधी ओलांडली. स्ट्युअर्टने वाट अडवून आपल्याला आत ढकलले, असे स्मिथचे म्हणणे. पंचांनी ते मानले नाही. पहिला आलेला पोरगा अठरावा ठरला आणि विजय स्ट्युअर्टला गेला.

२०२० मध्ये पुन्हा टॅलडेगा. शेवटच्या फेरीत डेनी हॅम्लिनची गाडी रेघेच्या आत गेली. अपघात टाळण्यासाठी गेली म्हणून विजय कायम राहिला. पण दुसरा आलेला मॅट डिबेनेडेट्टो? त्याने बायरनला रेघेच्या आत ढकलले म्हणून त्याला एकविसावा केला!

म्हणजे बारा वर्षांपूर्वी जो ढकलला गेला त्याला शिक्षा, आणि आता ज्याने ढकलले त्याला. प्रत्येक निवाड्याचे कारण त्या त्या वेळी दिले गेले असेल. परंतु तिन्ही निवाडे एका ओळीत मांडून पाहणाऱ्या प्रेक्षकाने काय समजायचे? रेघ तर तीच, आणि पिवळीच आहे.

दंडाचे माप

मुद्दाम दुसऱ्याच्या गाडीवर गाडी घालणे हा या खेळातला मोठा गुन्हा. कारण त्यात माणूस मरू शकतो. त्याच्या शिक्षेचे माप तरी ठरलेले असावे, अशी कोणाचीही अपेक्षा असेल.

२०१२ मध्ये फिनिक्स येथे गॉर्डनने दबा धरून बॉयरची गाडी उडवली. त्याला एक लाख डॉलर दंड झाला आणि २५ गुण कापले गेले. पण शर्यतीला बंदी झाली नाही. पुढच्याच रविवारी तो शर्यत जिंकला, आणि दुसरा कोण आला? बॉयर! २०१५ मध्ये मार्टिन्सव्हिलला नऊ फेऱ्या मागे पडलेल्या केन्सेथने आघाडीवरच्या जोई लोगानोला भिंतीवर आदळवले. त्याला दोन शर्यतींची बंदी. २०२२ मध्ये बबा वॉलेसला आणि २०२३ मध्ये चेस एलियटला प्रत्येकी एका शर्यतीची बंदी. आता माप ठरले, असे लोकांना वाटले. तोच २०२५ च्या मार्चमध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे ऑस्टिन सिंड्रिकने टाय डिलनला तसाच फटका दिला. त्याला ५० गुण आणि ५० हजार डॉलर एवढ्यावर सोडले, बंदी नाही. तेथे वळणावळणाच्या रस्त्यामुळे वेग कमी होता आणि पिवळा बावटाही लावावा लागला नव्हता, असे कारण दिले गेले. कारण अगदीच टाकाऊ नव्हते. पण ते शिक्षेनंतर कळले. वेगावर शिक्षा ठरते, हे आधी ठाऊक असते तर एवढा गदारोळ झाला नसता.

मार्टिन्सव्हिलचीच आणखी एक कथा ऐका. २०२२ मध्ये रॉस चॅस्टेन या शेतकऱ्याच्या पोराने शेवटच्या वळणावर ब्रेक न दाबता गाडी सरळ भिंतीला घासत भरधाव नेली आणि पाच जणांना मागे टाकून अंतिम स्पर्धेतली जागा पटकावली. सगळे जग थक्क झाले; पंचांनी ते ग्राह्य धरले. पुढच्या मोसमाआधी मात्र त्यांनी जाहीर केले की असे पुन्हा करणाऱ्याला सुरक्षेच्या जुन्याच नियमाखाली शिक्षा होईल. २०२४ मध्ये तेथेच क्रिस्टोफर बेल भिंतीला घासत गेला. गाडी घसरून भिंतीला लागली, असे तो सांगत राहिला. पंचांनी त्याला शिक्षा केली आणि त्याची अंतिम स्पर्धेतली जागा बायरनला गेली. त्याच शर्यतीत काही गाडीवानांनी आपापल्या कंपनीच्या सोबत्यांना जागा मिळावी म्हणून संगनमताने वेग आवरला होता. त्याबद्दल तीन संघांना मिळून सहा लाख डॉलर दंड झाला. दंड झाला, पण ज्याची जागा गेली त्याला ती परत मिळाली नाही.

अपिलाची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. २०२३ च्या मार्चमध्ये फिनिक्सला हेंड्रिक या बलाढ्य संघाच्या चार गाड्या आणि कॉलिग या लहान संघाची एक गाडी यांच्या बॉनेटवरच्या झडपा बेकायदा म्हणून जप्त झाल्या. पाचही जणांना शिक्षा सारखीच: शंभर गुण वजा आणि मुख्य मेकॅनिकला लाख डॉलर दंड. अपिलात हेंड्रिकचे सगळे गुण परत आले. आठवडाभराने कॉलिगचे अपील निघाले. शंभराचे पंचाहत्तर झाले. झडप तीच, शर्यत तीच! आता ‘बळी तो कान पिळी’ असे कोणी म्हणाले तर त्याचे तोंड कसे धरणार?

यंत्र काय सांगते?

यावर कोणी म्हणेल, ही यंत्रयुगाची दुनिया आहे. कॅमेरे लावा आणि प्रश्न मिटवा. कॅमेऱ्यांनी पुष्कळ काही मिटवले आहे, यात शंका नाही. १९५९ मध्ये डेटोनाची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली तेव्हा तीन गाड्या एकदम रेषेवर आल्या. त्यांतली एक मुळात फेरीभर मागे होती. पण तिच्यामुळे नजर फसली. जॉनी बीचमला विजयी ठरवून हार घातले गेले, आणि फोटो व बातमीपटाच्या फिती तपासून तीन दिवसांनी ली पेटीला विजेता जाहीर केले. आज? २०२४ मध्ये कॅन्सासला काइल लार्सनने ख्रिस ब्यूशरला सेकंदाच्या एक हजारांश फरकाने हरवले. पाटीवर आधी ब्यूशरचे नाव आले होते, पण अंतिम रेषेच्या फोटोने निकाल लावला आणि त्यावर फारसे कोणी भांडले नाही. गाड्या टायर बदलायला जेथे थांबतात त्या गल्लीतही २०१५ पासून पंचांचे मुख्य काम कॅमेरे करतात.

मग राग का ओसरला नाही? कारण कोण पुढे होता हे यंत्र सांगते. कोणी मुद्दाम केले हे ते सांगत नाही. २०१३ मध्ये रिचमंडला शेवटच्या सात फेऱ्या उरल्या असताना बॉयरची गाडी गर्रकन फिरली, पिवळा बावटा लागला, आणि त्यामुळे त्याच्याच संघातल्या मार्टिन ट्रूएक्सला अंतिम मालिकेत जागा मिळाली. गाडी मुद्दाम फिरवली हे सिद्ध करता येत नाही, असे पंचांनी कबूल केले. पण संघाने निकाल फिरवण्याचे उद्योग केले एवढे मात्र ठरवले. तीन लाख डॉलर दंड झाला आणि ट्रूएक्सची जागा रायन न्यूमनला दिली गेली. तरी ओरड थांबेना; तेव्हा बारा जणांच्या मालिकेत गॉर्डनला तेरावा म्हणून बसवले! पंगतीत पाट कमी पडला तर यजमान आणखी एक मांडतो, त्यातली ही गत. गॉर्डनवर अन्याय झाला होता हे खरे. परंतु तेरावा पाट कोणत्या नियमात होता?

शिवाय यंत्रे आता प्रेक्षकांच्याही हाती आहेत. धावपट्टीवर बसलेला माणूस भाड्याने रेडिओ घेऊन गाडीवान आणि त्याचे साथीदार काय बोलतात ते ऐकतो. घरी बसलेला माणूस तोच प्रसंग दहा वेळा सावकाश पाहतो. पंचाला जे अर्ध्या क्षणात ठरवायचे असते, त्याची उलटतपासणी लाखो लोक रात्रभर करतात. आपल्याकडे क्रिकेटमध्ये चेंडूचा मार्ग पडद्यावर दिसू लागल्यापासून अंपायरवरचा राग संपला का? नाही, तो आता ‘अंपायर्स कॉल’वर येऊन बसला आहे, एवढेच.

वरातीमागून घोडे

हा सगळा श्रीमंतांच्या खेळातला रुसवाफुगवा आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने वेंडेल स्कॉटची हकीकत ऐकावी. व्हर्जिनियातील डॅनव्हिलचा हा निग्रो मेकॅनिक (त्या काळी हाच शब्द रूढ होता; आज आपण कृष्णवर्णीय म्हणू). जुन्या गाड्या स्वतः दुरुस्त करून, घरच्या मुलांना हाताशी धरून तो गोऱ्यांच्या या खेळात उतरला. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या वाटेवर तो दोन फेऱ्यांच्या फरकाने जिंकला. पण चौकटीचा बावटा पडला तो बक बेकर या गोऱ्या गाडीवानासाठी. चषक त्याला, समारंभ त्याचा. प्रेक्षक घरोघर गेल्यावर, काही तासांनी, फेऱ्या मोजण्यात चूक झाल्याचे मान्य करण्यात आले आणि विजय स्कॉटच्या नावे लिहिला गेला. हातात चषक मात्र आला नाही.

स्कॉट १९९० मध्ये वारला. नॅस्कारने त्याच्या कुटुंबाला समारंभपूर्वक चषक दिला तो २८ ऑगस्ट २०२१ रोजी. म्हणजे सत्तावन्न वर्षांहून अधिक काळाने! वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. येथे तर नवरदेवही उरला नव्हता. मोजणाऱ्यांचा हात खरोखर चुकला, की मन चुकले, याचा वाद घालणारे अजून आहेत. पण एवढे खरे की ज्या पंचगिरीवर कोणाचाच विश्वास नसतो, तेथे चुकीलाही चूक म्हणून मान्यता मिळत नाही. तिच्या पोटात काळेबेरे आहे, असेच सारे धरून चालतात.

शौकिनांचेही ऐकून घ्यावे, आणि पंचांचेही

आता तागडीचे दुसरे पारडे. शौकीन काही साधुसंत नव्हेत. आपल्या लाडक्या गाडीच्या नंबराची टोपी घालून बसलेल्या माणसाला नि:पक्षपाती म्हणता येत नाही. त्याच्या गाडीवानाने दुसऱ्याला ढकलले की ती ‘खरी शर्यत’. दुसऱ्याने याला ढकलले की गुन्हा. बाळ्या आणि कार्टे हा भेद पंचांच्या आधी प्रेक्षकच करतो. पुष्कळदा गाडीच मंद असते आणि खापर फुटते बावट्यावर. नाचता येईना, अंगण वाकडे. आणि अन्यायाच्या नावाने धावत्या गाड्यांच्या वाटेवर डबे फेकणारा माणूस कोणत्या न्यायाची बाजू घेतो?

पंचांची अडचणही समजून घ्यायला हवी. अडीच मैलांची धावपट्टी, चाळीस गाड्या, त्यांतली एक भिंतीला आदळून थांबलेली. मागून येणाऱ्यांना ती दिसेल का? आतला माणूस शुद्धीवर आहे का? बावटा लावायचा तर जिंकणाऱ्याचा घास जातो; न लावायचा तर एखाद्याचा जीव जाईल. पूर्वी पिवळा बावटा लागल्यावरही रेषेपर्यंत चुरशीने पळण्याची मुभा असे. २००३ च्या सप्टेंबरात न्यू हॅम्पशायरला डेल जॅरेटची गाडी वाटेत बंद पडून उभी असताना बाकीच्या गाड्या तिच्या शेजारून सुसाट गेल्या आणि सर्वांच्या काळजाचा ठोका चुकला. पुढच्याच शर्यतीपासून ती मुभा बंद झाली. अशा ठिकाणी पंचाला स्वतःच्या बुद्धीने वागण्याची मोकळीक द्यावीच लागते. प्रत्येक अपघात पुस्तकातल्या कलमात बसत नाही.

मग शौकिनांच्या रागाला अर्थ नाही का? आहे, आणि तो कोठे आहे, हे नॅस्कारनेच एका ठिकाणी दाखवून दिले आहे. पूर्वी विजेत्याची गाडी तपासणीत सदोष आढळली तरी विजय काढून घेत नसत. प्रेक्षक घरी जाताना त्याला विजेता कोण हे ठाऊक असावे, असा त्यामागचा विचार. १९८३ मध्ये शार्लटला रिचर्ड पेटीचे इंजिन नियमापेक्षा मोठे निघाले, टायरही चुकीच्या बाजूला बसवलेले. पस्तीस हजार डॉलर दंड झाला, गुण गेले. विजय मात्र त्याच्या हिशेबात १९८ वा म्हणून कायम राहिला. खेळाचा राजा म्हणवणाऱ्या माणसाला ही सवलत पाहून अनेकांनी भुवया उंचावल्या. २०१९ च्या मोसमाआधी नॅस्कारने जाहीर केले: यापुढे सदोष गाडीचा विजय बाद. २०२२ मध्ये पोकोनो येथे हॅम्लिन पहिला आणि काइल बुश दुसरा आला. दोघेही बड्या संघाचे, दोघेही मोठ्या नावाचे. गाडीच्या नाकाडावर चोरून लावलेली टेप सापडली. दोघेही बाद, विजय एलियटला. मुख्य मालिकेत विजेता बाद होण्याचा १९६० नंतरचा हा पहिलाच प्रसंग होता. शिक्षा पूर्वीपेक्षा किती तरी कठोर. पण ‘अन्याय झाला’ अशी ओरड फारशी उठली नाही. नियम आधी सांगितला होता, आणि लहानथोर न पाहता लावला होता. प्रेक्षकाला कठोरपणाचे वावडे नसते, हे यावरून दिसते.

राहिला प्रश्न मालकाच्याच पदरी असलेल्या पंचाचा. क्रिकेटने कसोटी सामन्यांसाठी त्रयस्थ देशांचे अंपायर आणून तो सोडवला. नॅस्कारला परका पंच कोठून मिळणार? पण पदरी असलेला माणूस न्याय देऊच शकत नाही, असे आपण मराठी माणसांनी तरी म्हणू नये. रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांच्याच पदरी होते, पेशव्यांचेच वेतन घेत होते. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगताना त्यांना त्याची आठवण झाली नाही, म्हणून दोनअडीचशे वर्षांनंतरही त्यांचे नाव आपल्या तोंडी आहे. त्यांनी निवाडा सांगितला, आणि कारणही तोंडावर सांगितले.

टॅलडेगाच्या पायऱ्यांवर, उन्हातान्हात, बायकामुलांसह बसलेला तो माणूस पंचांकडून याहून जास्त काही मागत नाही. त्याचा गाडीवान हरला तर तो दोन दिवस कुरकुरेल, घरच्यांवर चिडचिड करील आणि पुढच्या रविवारी पुन्हा टोपी घालून येईल. पण हरण्याचे कारण त्याला समजले नाही, किंवा दर रविवारी निराळेच समजत गेले, तर एक दिवस तो टोपी खुंटीला अडकवील आणि यायचा थांबेल. तो डबे फेकतो आहे तोवर काळजी नाही. तो गप्प झाला, की मात्र पिवळा बावटा नॅस्कारलाच दाखवायची वेळ आली असे समजावे.